तीन नंबरची पारखीण

"हात लावल्याशिवाय नंबर नाही."

हे तिचं वाक्य. संत्र्यांच्या त्या शेडमध्ये ज्यानं एखादा हंगाम काढला, त्याच्या कानात ते घर करून बसलं. मी तिथं पेट्यांना खिळे ठोकायला होतो. हातोडीचा एक ठोका पडून दुसरा पडेपर्यंत जी काय शांतता असते, तेवढ्यात मला ते ऐकू यायचं.

शेड लांबलचक, पत्र्याची. सकाळी आत पाऊल टाकलं की सालीचा वास आधी डोळ्यांत शिरायचा, मग नाकात. बागवाले टोपल्या आणून ओळीनं मांडायचे आणि त्या ओळीवरून ती चालत यायची. तिला सगळे पारखीण म्हणत. उंचीनं बेताची, हात मात्र मोठे, एखाद्या उंच माणसाकडून मागून आणल्यासारखे. टोपलीवरची चार झळझळीत फळं बघून तिचं भागत नसे. कोपरापर्यंत हात आत घालून ती तळातली संत्री वर काढायची, तळव्यात फिरवायची, देठाशी अंगठ्यानं दाबायची आणि मग बोटं दाखवायची. पत्र्याखाली एवढा गोंगाट की बोललेलं पलीकडं पोचायचं नाही. म्हणून शेडचं निम्मं बोलणं बोटांवर चाले. एक बोट दाखवलं की टोपली लांबच्या बाजाराला. दोन म्हणजे शहरातली दुकानं, तीन म्हणजे रस्त्यावरच्या हातगाड्या, चार म्हणजे रस काढायला. आणि पाची बोटं उघडून हात खाली झटकला, की ती टोपली शेडमागच्या खड्ड्यात. त्या खड्ड्यावर सदा माश्या असत. आम्ही जेवणाच्या सुट्टीतही तिकडं पाठ करून बसायचो.

बागवाल्यांची एक खोड होती. डागाळलेलं फळ टाकून द्यायला हात धजत नाही, म्हणून डाग खाली करून ते ठेवायचं. वरून बघणाऱ्याला सगळं सोनं. पारखीण असं फळ बरोबर शोधून काढायची आणि ठेवणाऱ्याच्या हातात द्यायची.

"डाग खाली ठेवला म्हणून जातो का रे बाबा? उलट तोच आधी सडतो. वरच्या सगळ्यांचं ओझं त्याच्यावर, खालची ओलही त्यालाच."

"काकू, एवढ्या वेळी चालवून घ्या की."

"चालवून घेते. रसात."

आणि एकदा लागलेला नंबर ती बदलायची नाही. "नंबर उतरतो, चढत नाही," म्हणायची. "तीनचं फळ दोन दिवसांनी चार होईल, चारचं पाच होईल. तीनचं दोन झालेलं दाखव, मी घरी बसते."

तिचा नवरा तिथंच वजनकाट्यावर. त्याला सगळे काटेवाला म्हणत. बोलघेवडा माणूस. पेट्या काट्यावर चढल्या की त्याचं तोंड सुरू आणि उतरल्या तरी बंद नाही.

"पारखीणबाई," तो ओरडून विचारायचा, "माझा नंबर किती?"

"तुमचा नंबर लग्नादिवशीच लावला. आता बदलता येत नाही म्हणून गप्प बसलेय."

सगळी शेड हसायची. ते दोघं एकमेकांकडं बघून हसत नसत. आपापल्या कामाकडं बघून हसत. मला ते फार आवडायचं.

मग तिच्या खालच्या हिरडीला डावीकडं काहीतरी झालं.

पहिले काही महिने तिनं ते जिभेनं चाचपलं आणि कुणाला सांगितलं नाही. दाढ दुखते म्हणाली. मग दाढ हलते म्हणाली. पुढं भाकरीचा तुकडा उजव्या बाजूनंच चावू लागली आणि डावा गाल बाहेरून टणक दिसू लागला, तेव्हा काटेवाल्यानं काट्यावर दुसरा माणूस बसवला आणि तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. मोठ्या डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं की जबड्याच्या हाडात कर्करोग आहे, तेवढा तुकडा काढावा लागेल.

"आणि तिथं काय, भोक?" काटेवाल्यानं विचारलं.

"भोक नाही ठेवणार. पायाच्या पोटरीत एक बारीक हाड असतं, त्यातला तुकडा, वरची थोडी कातडी आणि त्याच्या रक्ताच्या नळ्या असं सगळं एकत्र काढून जबड्यात बसवू. नळ्या मानेतल्या नळ्यांना शिवू. तुमच्याकडं झाडाला कलम करतात ना? तसंच."

काटेवाल्यानं आपल्या पोटरीवरून हात फिरवला. मग त्याच्यानं राहवलं नाही. "म्हणजे पायाचं हाड तोंडात? मग ही बोलली की लाथ बसल्यासारखं वाटेल."

"ते आत्ताही वाटतं तुम्हाला," पारखीण म्हणाली.

डॉक्टरबाई हसल्या. पण बाहेर व्हरांड्यात आल्यावर पारखिणीनं नवऱ्याच्या सदऱ्याची बाही धरली ती बस येईपर्यंत सोडली नाही. हे मला काटेवाल्यानं सांगितलं. दवाखान्यातलं मी जे सांगतोय, ते निम्मं त्यानं काट्याच्या लोखंडी पाटावर बसून सांगितलेलं आहे आणि निम्मं पुढं तिनं स्वतः.

ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली तेव्हा गळ्यात श्वासाची नळी, नाकात जेवणाची नळी, पायाला पट्टा. आवाज निघत नव्हता. पण काटेवाला भेटायला आला तेव्हा तिनं एक बोट वर केलं, आणि त्याला सगळं कळलं. पाणी हवं तर अंगठा ओठांकडं, दुखतंय तर मूठ. शेडमधली इतकी वर्षं त्यांना तिथं कामाला आली.

पहिले काही दिवस दर थोड्या वेळानं सिस्टर यायची. गोल चेहऱ्याची, पावलांचा आवाज न करणारी. तोंडात बॅटरीचा उजेड टाकायची, कलमाच्या कातडीवर बोट दाबायची, सोडायची आणि रंग परत कसा भरतो ते बघायची. मग एक छोटं यंत्र मानेला लावायची. त्यातून सूंऽ सूंऽ असा आवाज यायचा, बंद दारापलीकडून वारा यावा तसा.

"ऐका," सिस्टर म्हणायची. "कलम गातंय तुमचं."

पारखिणीला ही सिस्टर पटली. बघून निघून जात नव्हती, हात लावत होती.

शेजारच्या खाटेवर एक शिवणकाम करणारी बाई होती. तिच्या अर्ध्या जिभेच्या जागी हाताची कातडी बसवली होती. तिलाही बोलता येत नव्हतं. पण दोघींचं दिवसभर चालायचं. शिवणवाली येणाऱ्या-जाणाऱ्याचे कपडे बघून नाक मुरडायची. एका शिकाऊ डॉक्टरच्या कोटाचा खांदा उतरलेला होता. तो वळला की ती हवेत दोन बोटांची कात्री चालवायची आणि पारखीण पोटात हसायची. टाक्यांमुळं तोंडानं हसायची मनाई होती.

तोच शिकाऊ डॉक्टर एका सकाळी सगळ्यांसोबत फेरीला आला. मोठ्या डॉक्टरबाई त्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीत होत्या, म्हणून दुसरे एक डॉक्टर मुलांना शिकवत होते. शिवणवालीला आदल्या संध्याकाळपासून ताप होता आणि तिच्या मानेच्या टाक्यांतून पाणी येत होतं. तिच्या खाटेच्या पायथ्याशी सगळे थांबले.

"ऑपरेशननंतर काही बिघडलं, तर त्याची प्रत कशी ठरवायची?" डॉक्टरांनी विचारलं.

शिकाऊ डॉक्टर पाठ केलेलं म्हणू लागला. "खाटेपाशीच, साध्या उपायांनी निभावलं तर एक नंबर. वेगळी औषधं किंवा रक्त द्यावं लागलं तर दोन. पुन्हा ऑपरेशनच्या खोलीत न्यावं लागलं तर तीन. अवयव साथ सोडायला लागले, अतिदक्षता लागली तर चार."

"आणि पाच?"

त्यानं खाटांकडं एक नजर टाकली. आवाज खाली गेला. पण त्याचा हात बाजूला लोंबत होता आणि त्या हाताची पाची बोटं आपोआप उघडली.

पारखिणीनं आवाज ऐकला नाही. तिनं हात बघितला. तिच्या डोळ्यांपुढं शेडमागचा खड्डा उभा राहिला.

"ही बाई आत्ता किती?"

"दोन, सर. पण आज उघडून बघावं लागेल. म्हणजे तीन."

शिवणवालीला दुपारी ढकलगाडीवरून नेलं. जाताना तिनं हवेत कात्री चालवून दाखवली. ती त्या वॉर्डात परत आली नाही. आधी ती चार झाली, हे पारखिणीला सिस्टरच्या टेबलाशी चाललेल्या कुजबुजीतून कळलं. मग एका सकाळी सफाईवाल्या बाईनं शेजारची गादी गुंडाळली, खाट ओल्या फडक्यानं पुसली, आणि टेबलाशी उभ्या शिकाऊ डॉक्टरनं मान खाली घालून एकच शब्द उच्चारला. पाच.

तिथून पारखिणीची नजर त्या रिकाम्या खाटेवरून हलेना. सिस्टरनं बॅटरी लावली की ती तिच्या चेहऱ्यावरून आपला नंबर वाचू बघायची. नंबर उतरतो, चढत नाही. हे तिचंच वाक्य, आणि आता ते तिच्या छातीवर येऊन बसलं होतं. शिवणवाली दोनची तीन झाली आणि मग कुणालाच धरता आली नाही. आपण एकवर आहोत. एकवरच राहायचं. कसंही करून.

दोन दिवसांनी सकाळी तिच्या मानेला डावीकडं, टाक्यांखाली, काहीतरी भरल्यासारखं झालं. तिनं बोट लावलं. देठाशी मऊ पडलेलं संत्रं लागतं तसं लागलं.

त्या बोटाला सगळं कळलं. इतकी वर्षं ते बोट हेच करत आलं होतं. तिनं ते पटकन चादरीखाली घेतलं.

मग तिनं काय केलं, तर मान वळवली. फुगलेली बाजू उशीत दाबली, वरून टॉवेल ओढून घेतला आणि डोळे मिटले. त्या कुशीवर झोपायचं नाही, असं तिला बजावून सांगितलेलं होतं. सिस्टर सकाळच्या फेरीला आली तेव्हा तिनं निमूट तोंड उघडलं. आतलं कलम अजून गुलाबी होतं.

"मान बघू."

पारखिणीनं झोपेची खूण केली, हात जोडले. आदल्या काही रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे सिस्टरला ठाऊक होतं. तिला दया आली.

"बरं, पडा जरा. पण कूस बदला हं."

पारखिणीनं मान हलवली आणि कूस बदलली नाही. दुपारची फेरी आली तेव्हा तिनं तोंडही उघडलं नाही. घोरल्यासारखा श्वास घेत पडून राहिली. श्वासाच्या नळीतून सुरसुर आवाज येत होता. पलीकडच्या खाटेवर एका पेशंटला उलटी झाली आणि सिस्टर तिकडं धावली.

भेटायच्या वेळी काटेवाला आला. हातात दोन संत्री. तिला खाता येणार नाहीत हे माहीत असून तो रोज आणायचा. ती हुंगायची आणि बोटांनी नंबर सांगायची. तो खेळ होता त्यांचा.

"उठा, पारखीणबाई. आजचा माल जरा हलका आहे. बागवाला म्हणतो एक नंबर, मी म्हणतो त्याच्या डोळ्यांत फूल पडलंय."

तिनं डोळे उघडले. फळ हातात घेतलं नाही. एक बोट दाखवलं. फळाकडं न बघता.

काटेवाला स्टुलावर बसता बसता थांबला.

"हात न लावता?"

तिनं पुन्हा एक बोट दाखवलं. मग ते बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. एक. मी एक.

त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. ती कुठल्या कुशीवर आहे ते बघितलं. टॉवेल बघितला. तिच्या डाव्या ओठाचा कोपरा सुजून वर आला होता आणि त्याच्या आतून जे थोडंसं दिसत होतं त्याचा रंग जांभळा होता. पिकून फुटायला आलेल्या जांभळासारखा. काटेवाला मला म्हणाला, "माझ्या हातातली संत्री कधी खाली पडली मला कळलं नाही. मला एवढंच दिसलं की हिनं डाग खाली ठेवलाय."

"अगं," तो म्हणाला, "हे काय करतेयस?"

तिनं त्याचं मनगट धरलं. तिच्या त्या मोठ्या हातांची पकड. दुसऱ्या हातानं तिनं शेजारची रिकामी खाट दाखवली, मग तीन बोटं, मग चार. पाचवं बोट ती उघडायलाच तयार नव्हती. अंगठा तळव्यात घट्ट दाबून धरलेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मान वळवलेली असल्यानं ते नाकाच्या शेंड्यावरून पलीकडं जात होतं.

काटेवाल्याला सगळं कळलं आणि कळल्यावर तोही घाबरला. त्यानंही ती खाट पुसलेली बघितली होती. बोलावलं तर ते तिला त्याच दारातून आत नेणार, जिथून शिवणवाली परतली नव्हती. नाही बोलावलं तर... त्यानं पुढचा विचार केला नाही. त्याला वाटलं, अजून थोडा वेळ असंच बसून राहावं. तिनं आपला हात धरलाय, धरू द्यावा. हे त्यानंच मला सांगितलं.

"किती वेळ बसलास?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. पायाशी पडलेलं संत्रं घरंगळत खाटेखाली गेलं आणि भिंतीला लागून थांबलं. तेवढा वेळ."

मग तो वाकला, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाला, "हात लावल्याशिवाय नंबर नाही. कुणाचं वाक्य आहे गं हे?"

तिनं डोळे मिटले. पकड सोडली नाही. त्यानं तिची बोटं एकेक करून उघडली, आणि जो माणूस शेडभर ओरडायचा त्याच्या तोंडून पहिल्या हाकेला नुसती हवा निघाली. दुसऱ्या हाकेला सगळा वॉर्ड वळला.

"सिस्टर!"

सिस्टर आली, टॉवेल काढला, आणि तिचा गोल चेहरा पांढरा पडला. यंत्र मानेला लावलं. सूंऽ आवाज नव्हता, नुसती खरखर. मोठ्या डॉक्टरबाई कोटाची बटणं न लावता धावत आल्या. त्यांनी बोट दाबलं, सुई टोचली. काळपट रक्त आलं, दाट.

"रक्त आत जातंय, बाहेर पडायची वाट बंद झालीय," त्या कुणाकडं न बघता म्हणाल्या. "खोली तयार ठेवा. आत्ता. कधीपासून आहे हे?"

"सकाळी मान बघू दिली नाही यांनी," सिस्टर म्हणाली. तिला ढकलगाडीवर घेतलं. दारापाशी तिनं डॉक्टरबाईंचा कोट धरला आणि बोटं उघडली. तीन?

शिकाऊ डॉक्टर शेजारीच होता. त्याला ती खूण कळली, आणि ती कुठून आली हेही कळलं असावं, कारण त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

डॉक्टरबाईंनी त्या तीन बोटांवर आपला तळवा ठेवला. "नंबर नंतर. आधी मला आत जाऊ दे."

गाडी आत गेली. काटेवाला दाराबाहेरच्या बाकावर बसला. तिथं एक चहावाला किटली घेऊन आला, त्यानं याच्याकडं बघितलं आणि न विचारता कप ठेवून गेला. चहा गार झाला, त्यावर साय धरली. दार उघडलं की हा उभा राहायचा आणि दुसऱ्याच कुणाचा माणूस आत-बाहेर व्हायचा. आयुष्यभर वजन सांगणारा माणूस, पण त्या बाकावर त्याला स्वतःच्या हातापायांचंही वजन कळत नव्हतं.

कलम वाचलं. सगळं नाही, एका कडेची पट्टी काळी पडून पुढं गळाली, पण बाकीचं धरलं.

दोन-तीन दिवसांनी डॉक्टरबाई तिच्या खाटेवर बसल्या. फेरीच्या वेळी नाही, एकट्या, चपला काढून.

"मानेत थोडं रक्त साठलं होतं," त्या म्हणाल्या. "सकाळीच सांगितलं असतंत तर बहुतेक इथंच, या खाटेवर, दोन टाके सैल करून काढून टाकलं असतं. तो एक नंबर झाला असता. तुम्ही त्यावर झोपलात. आतली नळी दबली, रक्त गोठलं. म्हणून तीन."

पारखीण त्यांच्याकडं बघत राहिली. खालची ओल आणि वरचं ओझं. दुसऱ्याच्या हातात डागाळलेलं फळ देताना ती आयुष्यभर हेच सांगत आली होती.

"दुसरं सांगते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमचा नंबर फळाला असतो. आमचा नंबर आमच्या कामाला असतो. पेशंटला घरी धाडण्यासाठी आम्हाला काय काय करावं लागलं, त्याचा तो नंबर. महिन्याच्या शेवटी सगळ्यांसमोर मला उभं राहून सांगावं लागतं, माझ्या किती बायका तीन झाल्या, किती चार. पण तीनवाल्या पुष्कळ जणी घरी गेल्यात. चालत."

पारखिणीनं शेजारच्या खाटेकडं बोट केलं.

डॉक्टरबाईंनी त्या खाटेकडं वळून बघितलं. "तिचा ताप आम्हाला आवरता आला नाही," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी मी पाचच सांगणार आहे. त्याला दुसरं नाव नाही."

त्यांनी खोटं सांगितलं नाही, म्हणून पारखिणीचा त्यांच्यावर विश्वास बसला. ती मला असं म्हणाली. त्या दिवसानंतर खाटेपाशी उभं राहून नंबर बोलायचे नाहीत, असंही त्या वॉर्डात ठरलं. शिकाऊ डॉक्टर रोज येऊन तिची मान स्वतः बघायचा. त्याच्या कोटाचा उतरलेला खांदा बघून ती हवेत कात्री चालवायची. त्याला त्याचा अर्थ कळत नसे, पण तो हसायचा.

घरी जायच्या दिवशी तिनं बोटांनीच विचारलं, बरी झाले, आता नंबर कमी कराल ना? डॉक्टरबाईंनी मान हलवली. जो लागला तो लागला, तीनच राहणार. काटेवाला म्हणाला, "घ्या! म्हणजे हातगाडीवरचा माल घरी नेतोय मी." गळ्यातली नळी निघालेली होती, पण तिला बोलायची अजून सवय नव्हती. तिनं त्याच्या दंडावर एक चापट ठेवून दिली.

पुढच्या हंगामात ती शेडवर आली. एका पायानं किंचित ओढत चालायची. बोलणं जाड झालं होतं, शब्दांच्या कडा बोथट. नव्या बागवाल्यांना ते समजत नसे, पण शेडमध्ये बोललेलं ऐकतं कोण? बोटं होती तीच होती. "काकू, एक नंबर द्या की," कुणी म्हटलं तर ती म्हणायची, "मी स्वतः तीन नंबर आहे रे. मला फसवू नकोस."

हसायची. पण मी बघत होतो. काम करता करता तिचा डावा हात मानेकडं जायचा, टाक्यांच्या रेघेवरून फिरायचा आणि परत टोपलीत जायचा. दिवसातून कितीदा तरी. भीती तिला सोडून गेली नव्हती. तिनं तिच्यासाठी कामात जागा केली होती, एवढंच.

हंगाम सरत आला तेव्हाची एक सकाळ. टोपल्या लागलेल्या, पारखीण ओळीच्या मध्यावर. तिचा हात मानेकडं गेला आणि तिथंच राहिला. परत टोपलीत आला नाही.

मी हातोडी खाली ठेवली. मला वाटतं मी एकटाच बघत नव्हतो.

ती तशीच उभी होती, हनुवटीखाली एक जागा दाबून, डोळे जमिनीवर. तिचा चेहरा मी आधी कधी असा बघितला नव्हता. मग तिनं हात खाली केला, पदर मानेवरून ओढून घेतला आणि डाव्या बाजूला मान कलती केली. माझ्या ध्यानात आलं ती काय करतेय ते.

तेवढ्यात तिनं पदर सोडला. टोपल्यांच्या ओळीतून पाय ओढत ती काट्यापाशी गेली. काटेवाला काहीतरी बडबडत पेटी चढवत होता. तिनं त्याचा हात धरला, सगळ्यांसमोर, आणि आपल्या मानेला लावला.

"हात लावा," ती म्हणाली. जाड, बोथट, पण शेडभर ऐकू गेलं, कारण शेडमध्ये कुणीच बोलत नव्हतं.

काटेवाल्याची बोटं तिथं चाचपडली. थांबली.

"वाटाण्याएवढी गाठ आहे," तिनं त्याला सांगितलं. "काही असेल, नसेल. मी बसनं पुढं दवाखान्यात जाते. तुम्ही एवढ्या पेट्या मोजून या. नंबर डॉक्टरबाई लावतील."

"एकटी?"

"पाय माझाच आहे. अर्धा तोंडात असला म्हणून काय झालं?"

कुणी हसलं नाही. ती स्वतः थोडी हसली, उजव्या बाजूनं, कारण डावी हलत नव्हती. तिनं आपले मोठे हात पदराला पुसले, जणू ओले होते. मग ती दाराकडं वळली आणि चालू लागली.

दाराबाहेर ऊन होतं. ती रस्त्याला लागली, पाय किंचित ओढत, मान सरळ, पदर खांद्यावर. टाक्यांची रेघ उन्हात चकाकत होती. काटेवाला काट्यावर एक हात ठेवून उभा होता आणि त्याच्या हाताच्या ओझ्यानं काटा हलत राहिला होता. बागवाले, पेट्या भरणाऱ्या बाया, मी, सगळे दाराशी आलो होतो. ती वळणावर पोचेपर्यंत एकाही टोपलीला कुणाचा हात लागला नाही.